पाण्याखालची सुरी: गंज, धार आणि तंगूस

'थंडरबॉल' नावाचा जेम्स बाँडचा सिनेमा १९६५ साली आला. त्यातली पाण्याखालची मारामारी ज्यांनी पाहिली असेल, त्यांच्या डोक्यात डायव्हरची सुरी म्हणजे पोटरीला बांधलेलं हातभर लांब पातं हे चित्र पक्कं बसलेलं असतं. खरं तर स्कूबाच्या सुरीचं काम फार साधं आहे. तुम्ही कशात तरी अडकलात, तर ते 'कशात तरी' कापायचं. बस्स. शार्कशी लढायचं नाही, मासे मारायचे नाहीत आणि शिंपले उचकटायचे तर मुळीच नाहीत.

माझं पीएचडीचं काम गंजावर आहे. स्टेनलेस पोलादाच्या फटीत खारं पाणी अडकलं की आत काय घडतं, हे मी गेली काही वर्षं बघते आहे. त्यामुळे डायव्हिंग करणारे मित्रमैत्रिणी हटकून विचारतात, "कोणती सुरी घेऊ?" या प्रश्नाचं उत्तर दोन वेगवेगळ्या शास्त्रांच्या मध्ये कुठंतरी आहे: एक धातूचं आणि दुसरं कापण्याचं. हो, कापणं हासुद्धा संशोधनाचा विषय आहे, आणि चांगला खोल विषय आहे. दोन्हीबद्दल आज सांगते.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करू. तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत मालवणला किंवा तारकर्लीला जाऊन आयुष्यात पहिल्यांदा स्कूबा करणार असाल, प्रशिक्षक तुमच्या पाठीमागे टाकी धरून असणार असेल, तर तुम्हाला सुरीची गरज नाही. सुरी त्याच्याजवळ असली पाहिजे. हा लेख आहे तो प्रमाणपत्राचा कोर्स केलेल्या, किंवा करायला निघालेल्या, आणि जोडीदाराबरोबर स्वतःच्या भरवशावर पाण्यात उतरणाऱ्यांसाठी.

अडकणं किती गंभीर?

डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या संशोधकांनी २००८ साली एक विश्लेषण प्रसिद्ध केलं. १९९२ ते २००३ या काळातले ९४७ मृत्यू त्यांनी तपासले आणि प्रत्येकात पहिली ठिणगी कुठं पडली ते शोधायचा प्रयत्न केला. ३४६ घटनांमध्ये ती सापडली. त्यातल्या ४१ टक्क्यांमध्ये हवा अपुरी पडणं हे सुरुवातीचं कारण होतं, आणि २० टक्क्यांमध्ये अडकणं. या 'अडकणं'मध्ये गुहा, बुडालेली जहाजं, समुद्री वनस्पती सगळंच येतं, फक्त जाळी नव्हेत. पण आकडा लहान नाही.

आणि ही दोन कारणं एकमेकांपासून तितकीशी वेगळी नाहीत. थोडं गणित करू. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी अॅल्युमिनियमची टाकी साधारण ११ लिटरची असते. परत निघताना ५० बार राखीव ठेवायचे असं शिकवतात, म्हणजे सुमारे ५५० लिटर हवा. १८ मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या २.८ पट असतो. शांतपणे मिनिटाला २० लिटर श्वास घेणारा माणूस तिथं मिनिटाला ५६ लिटर हवा वापरतो. म्हणजे राखीव हवा जवळपास दहा मिनिटं पुरते. आता तोच माणूस घाबरून, धडपडत मिनिटाला ५० लिटरनं श्वास घ्यायला लागला, तर खोलीवर तो खर्च १४० लिटर होतो. दहा मिनिटांची चार मिनिटं झाली. सुरी निवडताना मी मनात हीच चार मिनिटं धरते. जी सुरी बाहेर काढायला एक मिनिट आणि एक दोरा कापायला दुसरं मिनिट घेते, ती कितीही सुंदर असली तरी उपयोगाची नाही.

अडकता कशात?

आपल्या किनाऱ्यावर याचं उत्तर बहुतेक वेळा एकच आहे: तंगूस. नायलॉनचा एकपदरी, पारदर्शक धागा. गळाला तोच आणि कांडाळीसारख्या जाळ्यांनाही तोच. १९३५ साली ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्सच्या गटानं नायलॉन बनवलं, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत जगभरातली सुती आणि तागाची जाळी मागं पडली. कोळ्यांसाठी ती चांगलीच गोष्ट होती, कारण सुती जाळं कुजतं, त्याला पुन्हापुन्हा रंगवत, वाळवत बसावं लागतं. नायलॉन कुजत नाही. पण तुटून समुद्रात हरवलेलं नायलॉनचं जाळंही कुजत नाही, खडकावर अडकून मासे मारत राहतं. यालाच भुताळी जाळी म्हणतात.

अशी जाळी किती हरवतात? २०२२ साली 'सायन्स अॅडव्हान्सेस'मध्ये आलेल्या एका अभ्यासात सात देशांतल्या ४५१ मच्छीमारांशी बोलून अंदाज बांधला गेला: दरवर्षी जगातली सुमारे दोन टक्के मासेमारी सामग्री समुद्रात हरवते. त्यात जवळपास २,९६३ चौरस किलोमीटर गिलनेट आणि ७,३९,५८३ किलोमीटर लांबीची लाँगलाइनची मुख्य दोरी. पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर आहे, म्हणजे हा दोर पृथ्वीभोवती अठरा वेळा गुंडाळता येईल. आणि हे फक्त एका वर्षाचं.

नायलॉनची घनता १.१४, म्हणजे पाण्यापेक्षा जास्त. त्यामुळे तंगूस तळाशी जातो, खडकांत आणि प्रवाळांत, नेमका तिथंच जिथं आपण मासे बघायला जातो. पॉलिप्रॉपिलीनचे दोर पाण्यापेक्षा हलके, ते वर तरंगतात आणि होडीच्या पंख्यात अडकतात. शिवाय आता गळाच्या हौशी लोकांमध्ये वेणीसारखी गुंफलेली पॉलिथिलीनची दोरी आली आहे. ही नायलॉनपेक्षा बारीक, कितीतरी मजबूत आणि प्रचंड गुळगुळीत. साध्या सुरीचं पातं तिच्यावरून घसरतं. हे पुढं लक्षात ठेवा.

एक महत्त्वाची गोष्ट इथंच सांगून टाकते. समोर दिसलेलं प्रत्येक जाळं भुताळी नसतं. कुणीतरी पहाटे टाकलेलं, संध्याकाळी ओढायचं असं चालू जाळंही असतं, आणि त्याच्यावर एका घराची चूल चालते. तुम्ही त्यात अडकलात तर आधी मागं सरून, हातानं सोडवून बघायचं. जीवावर बेतलं तर कापायचंच, पण 'समुद्र स्वच्छ करतोय' या उत्साहात दुसऱ्याचं जाळं फाडायचं नाही. आणि खरोखर सोडून दिलेलं मोठं जाळं काढणं हे हौशी डायव्हरचं काम नाही. ते ओलं, मातीनं भरलेलं, जडशीळ असतं, लाटेबरोबर हलतं आणि कापणाऱ्यालाच गुंडाळतं. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण, हवेच्या पिशव्या आणि वर माणसं लागतात.

सैल दोरा कापणं अवघड का?

विळीवर टोमॅटो चिरताना आठवून बघा. नुसता पात्यावर दाबला तर तो चेपतो, रस उडतो. दाबता दाबता पुढं सरकवला की अलगद चिरला जातो. यात एक छान यांत्रिकी दडलेली आहे. २००४ साली टोनी अॅटकिन्स आणि सहकाऱ्यांनी चक्क चेडर चीज आणि सलामीवर प्रयोग करून हे मोजलं. पातं जितकं आडवं सरकतं आणि जितकं आत दाबतं, त्यांच्या गुणोत्तरावर कापायला लागणारं दाबाचं बल ठरतं. सरकणं वाढवलं की दाब झपाट्यानं कमी लागतो. त्यानंतर २०१२ मध्ये दुसऱ्या एका गटानं मऊ जेलीवर हेच आणखी नेमकेपणानं दाखवलं.

पण टोमॅटो विळीवर आपण हातानं धरलेला असतो. पाण्यात तुमच्या टाकीच्या झडपेला अडकलेला तंगूस कुणी धरलेला नसतो. तुम्ही पातं टेकवलं की तो वाकतो, बाजूला पळतो, पात्याबरोबर मागं येतो. कापायला ताण हवा, आणि ताण द्यायला दुसरा हात हवा. दुसरा हात बहुतेक वेळा मोकळा नसतो, कारण एक तर तोच अडकलेला असतो किंवा त्यानं तुम्ही काहीतरी धरून स्वतःला स्थिर ठेवलेलं असतं. तुम्ही स्वतःही पाण्यात तरंगताय, जोर लावला की उलट्या दिशेनं तुम्हीच ढकलले जाता. जमिनीवर दुकानात काऊंटरवर ठेवलेला दोर कापून दाखवणाऱ्या विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकाचा म्हणूनच मला फारसा भरवसा वाटत नाही.

या अडचणीवर तीन उपाय आहेत, आणि बाजारातली सगळी हत्यारं या तीनांतच बसतात.

पहिला उपाय करवती धार. दाते दोऱ्याला पकडतात, घसरू देत नाहीत, आणि टोकांवर दाब एकवटतो. दोन दात्यांमधल्या खोबणीतली धार कठीण वस्तूवर आपटत नाही, त्यामुळे ती जास्त दिवस टिकते. जाड दोरासाठी, तंतुमय दोरासाठी करवती धारच हवी. ती गुळगुळीत पॉलिथिलीनच्या दोरीवरही साध्या धारेपेक्षा बरी.

दुसरा म्हणजे लाइन कटर: आकड्यासारखं उपकरण, ज्याच्या अरुंद फटीत ब्लेड लपलेलं असतं. दोरा फटीत घातला की दोन्ही बाजूंनी आधार मिळतो आणि ओढला की तो आपोआप ताणला जाऊन ब्लेडवर येतो. उघडं टोक नाही, उघडी धार नाही. डोळे मिटून, मागे हात नेऊनही वापरता येतं. तंगूस आणि जाळ्याच्या बारीक धाग्यांसाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. मर्यादा एकच, फटीत मावेल तेवढंच कापतं. नांगराच्या दोरापुढं हे निरुपयोगी.

तिसरा उपाय कात्री. अपघातग्रस्ताचे कपडे कापायला रुग्णवाहिकेत असते ना, वाकड्या दांड्याची, बोथट टोकाची, तसली. कात्रीची दोन पाती एकमेकांविरुद्ध बल लावतात, म्हणून दोऱ्यात ताण असण्याची गरजच उरत नाही. सैल दोरा, वेणीची दोरी, हात मोजे सगळं चालतं, आणि गळाच्या टोकाची बारीक तारही बऱ्याचदा तुटते. मेडिकलच्या सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळते. तिचा शत्रू म्हणजे मधला रिबिट, तिथली फट, आणि त्या फटीत शिरलेलं मीठ. म्हणजे आलो मी माझ्या विषयाकडे.

स्टेनलेसला डाग पडतात ते असे

पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा एक थर आपोआप तयार होतो. जाडी काही नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा दहा-वीस हजारावा भाग. या पातळ पापुद्र्याच्या जीवावर सगळं 'स्टेनलेस' उभं आहे. ओरखडा पडला तरी हवेतला किंवा पाण्यातला ऑक्सिजन मिळाला की थर पुन्हा भरून येतो.

समुद्राच्या पाण्यात दर किलोला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यात सर्वांत जास्त क्लोराइड. क्लोराइडचा आयन या थरातल्या कमकुवत जागा शोधतो आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतो. पण उघड्या पृष्ठभागापेक्षा फट जास्त वाईट. मूठ आणि पातं यांच्यामधल्या जागेत, रिबिटाखाली, म्यानाच्या आत पाणी अडकतं. तिथला ऑक्सिजन थोड्या वेळात संपतो आणि बाहेरून नवीन येत नाही. आता थर दुरुस्त होणं थांबलं. फटीतला धातू हळूहळू विरघळतो, त्याचे धनभारित आयन पाण्याशी क्रिया करून आम्ल तयार करतात, तो धनभार संतुलित करायला बाहेरून आणखी क्लोराइड आत ओढला जातो, आणि आम्ल व क्लोराइड मिळून थर पुरता उद्ध्वस्त करतात. जितका गंज, तितकं आम्ल; जितकं आम्ल, तितका गंज. बाहेरून सुरी चकचकीत आणि मुठीच्या आत पातं अर्धं खाल्लेलं, असं होऊ शकतं ते यामुळेच.

म्हणून सुरी घेताना मी पातं बघायच्या आधी मूठ बघते. मूठ स्क्रू काढून वेगळी करता येते का? येत असेल तर उत्तम. साच्यात कायमची बसवलेली, आत काय चाललंय ते कधीच न दिसणारी मूठ असेल तर मी ती परत ठेवते.

मग सरळ भरपूर क्रोमियमचं पोलाद का वापरत नाहीत? इथं खरी गंमत आहे. पात्याला धार टिकवायला कठीणपणा हवा, आणि पोलादात कठीणपणा येतो कार्बनमुळे. पण कार्बनला क्रोमियम फार आवडतं. दोघं मिळून कार्बाइड बनतात, आणि त्यात कार्बनच्या वजनाच्या दहा ते सोळा पट क्रोमियम बांधलं जातं. बांधलेलं क्रोमियम संरक्षक थर बनवायला उरत नाही. म्हणजे एका हातानं धार मागितली की दुसऱ्या हातातून गंजरोध निसटतो.

आमच्या क्षेत्रात एक कामचलाऊ सूत्र वापरतात: क्रोमियमचे टक्के, अधिक मॉलिब्डेनमच्या टक्क्यांची ३.३ पट, अधिक नायट्रोजनच्या टक्क्यांची १६ पट. येणारा आकडा जितका मोठा, तितका खड्डे पडायला विरोध जास्त. स्वस्त डायव्हिंग सुऱ्या बहुतेक ४२० नावाच्या पोलादाच्या असतात, त्याचा आकडा १३ च्या आसपास. स्वयंपाकघरातलं ३०४ जातीचं स्टील १८ ते २०. त्यात मॉलिब्डेनम घातलेलं ३१६ सुमारे २४. कायम समुद्रात बुडवून ठेवायच्या यंत्रसामग्रीसाठी अभियंते ४० च्या वरचा आकडा मागतात, म्हणजे बघा. अर्थात तुमची सुरी तासभर पाण्यात राहते, वर्षभर नाही. आणि सूत्र धरून चालतं की सगळं क्रोमियम मोकळं आहे. कार्बाइडवाल्या पोलादात तसं नसतं, म्हणून ४४०सी सारख्या एक टक्का कार्बनच्या पोलादाचा कागदावरचा आकडा प्रत्यक्षापेक्षा जरा जास्तच छान दिसतो. ४४०सी ची धार टिकते झकास, पण समुद्रात त्याची सेवा करावी लागते.

आता उलट टोक. ३०४ आणि ३१६ गंजत कमी, पण तापवून-विझवून कठीण होत नाहीत. त्यांची धार लवकर वळते. दुकानात 'सर्जिकल स्टील' असं छापलेलं दिसलं तर भुलू नका. त्या शब्दाला नेमका अर्थ नाही, त्याखाली ४२० ही विकलं जातं आणि ३१६ ही.

या पेचातून सुटायची हुशार वाट म्हणजे कार्बनची जागा बऱ्याच अंशी नायट्रोजनला देणं. नायट्रोजनही पोलाद कठीण करतो, पण क्रोमियमची तितकी लूट करत नाही, उलट वरच्या सूत्रात त्याला सोळा पट गुण मिळतात. जर्मनीत विमान आणि अवकाश क्षेत्रातल्या बेअरिंगसाठी असं एक पोलाद विकसित झालं, क्रोनिडूर ३०. त्याच घराण्यातलं पातं आज एलसी२००एन नावानं मिळतं: साधारण १५ टक्के क्रोमियम, एक टक्का मॉलिब्डेनम, ०.४ टक्के नायट्रोजन. गणित करा, २५ च्या जवळ आकडा येतो, म्हणजे ३१६ च्या तोडीचा, आणि वर कठीणही. जपानमध्ये तयार झालेलं एच-वन हेही खाऱ्या पाण्यासाठी नावाजलेलं. दोन्ही महाग. माझं मत विचाराल तर वर्षाला दहा-बारा डाईव्ह करणाऱ्याला त्यांची गरज नाही. रोज पाण्यात असणाऱ्या प्रशिक्षकानं मात्र पैसे साठवून घ्यावं.

टायटॅनियमचं काय? समुद्राच्या पाण्यात ते व्यवहारात गंजतच नाही. वजन पोलादाच्या जेमतेम साठ टक्के. पण धार पोलादाइतकी टिकत नाही, म्हणून टायटॅनियमची सुरी घ्यायचीच तर करवती धारेची घ्या. आणि फसवणुकीपासून सावध. 'टायटॅनियम' असं ठसठशीत लिहिलेल्या कित्येक सुऱ्या ४२० च्याच असतात, वर सोनेरी किंवा काळा मुलामा. दुकानात जाताना फ्रीजवरचं लोहचुंबक खिशात ठेवा. पात्याला चुंबक घट्ट चिकटलं तर ते टायटॅनियम नाही. ते ४२० किंवा ४४० जातीचं पोलाद असण्याची शक्यता मोठी, म्हणजे धार राहील पण गंजाकडे बघावं लागेल. चिकटलं नाही तर हातात तोलून बघा: हलकं लागलं तर टायटॅनियम, जड लागलं तर ३०४ किंवा ३१६.

धार आपोआप का जाते, यावर २०२० साली 'सायन्स'मध्ये एमआयटीच्या गटाचं एक सुंदर काम आलं. दाढीचं ब्लेड केसानं बोथट कसं होतं? केस तर पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखालीच केस कापून दाखवलं की धार नुसती झिजत नाही, तिचे कपचे उडतात. आणि ते तेव्हा, जेव्हा केस पात्याखाली वाकतो आणि पोलादाची सूक्ष्म रचना त्या जागी एकसारखी नसते. नायलॉनवर कुणी हाच प्रयोग केला तर काय दिसेल हा मला पडलेला प्रश्न आहे, पण सैल, वाकणारा दोरा आणि ब्लेडसारखी अतिपातळ धार ही जोडी मला तरी टिकाऊ वाटत नाही. लाइन कटरची ब्लेड बदलता येतात का ते म्हणूनच बघून घ्या.

आकार, टोक, जागा

हे पटकन. पातं सात ते दहा सेंटिमीटर पुरे. टोक बोथट किंवा छिन्नीसारखं चपटं असावं, कारण टोकदार सुरी घाईत म्यानात घालताना पहिल्यांदा तुमचं हवेचं जॅकेट भोसकते, नाहीतर मांडी. मूठ पिवळी घ्या. लाल रंग वर फार उठून दिसतो, पण पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषतं; काही मीटर खाली गेलं की लाल मूठ काळपट दिसते. आपल्याकडे पावसाळ्यानंतर पाणी गढूळ असतं तेव्हा तर रंगावर विसंबूच नका, हाताला ओळख असू द्या.

जागेबद्दल मात्र मी हट्टी आहे. पोटरीवर नको. पाय जाळ्यात अडकला, आणि बहुतेक वेळा आधी तोच अडकतो, तर सुरी नेमकी जाळ्याच्या आत. बाहेर अडकला नसेल तरी वाकून तिथपर्यंत पोचताना तुम्ही आणखी गुंडाळले जाता, आणि पट्ट्याची बकलं स्वतःच दोरा पकडतात. छातीवर, जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्यावर किंवा कमरेच्या पट्ट्यावर मध्याच्या जवळ, जिथं डावा आणि उजवा दोन्ही हात पोचतील अशी जागा हवी. माझी स्वतःची निवड: कमरेला छोटी करवती धारेची बोथट टोकाची सुरी, आणि खांद्याच्या पट्ट्यावर लाइन कटर. बजेट एकाच वस्तूचं असेल तर आपल्या किनाऱ्यासाठी मी आधी लाइन कटर घेईन. सुरी नंतर.

अडकल्यावर काय करायचं हे कोर्समध्ये शिकवतात, तरी सांगते: थांबा. वळू नका, कारण वळलं की दोरा अंगाभोवती गुंडाळतो. श्वास सावकाश. जोडीदाराला खूण करा, कारण टाकीच्या झडपेमागचा दोरा तुम्हाला दिसत नाही, त्याला दिसतो. कापायचं ठरलं तर पातं अंगापासून आणि हवेच्या नळ्यांपासून लांब ओढा. आपण आणि दोरा यांच्यामध्ये नळी नाही ना, हे बोटांनी चाचपून मगच.

घरी आल्यावर

फटीतल्या गंजाचं वर्णन वाचलंत, आता त्यावरचा उपाय तुम्हीच सांगाल. डाईव्हनंतर सुरी म्यानातून बाहेर काढून दोन्ही गोड्या पाण्यात भिजवा, नुसती विसळू नका. मूठ सुटत असेल तर सोडा. खारं पाणी सुकताना मीठ आणखी दाट होत जातं, त्यामुळे बॅगेत दोन दिवस अर्धवट ओली पडलेली सुरी समुद्रात असलेल्या सुरीपेक्षा वाईट अवस्थेत असते. सुकल्यावर पात्याला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. म्यानात ठेवायची ती पुढच्या डाईव्हच्या दिवशी.

धार लावायला सायकलवाल्या धारवाल्याकडे देऊ नका. माणूस आपल्या कामात तरबेज असतो, पण कोरड्या फिरत्या चाकावर पातळ धार क्षणात तापते. निळसर-तपकिरी झाक आली तर समजा पाणी उतरलं, आणि त्या रंगाच्या थराखाली क्रोमियमही कमी झालेलं असतं. शिवाय त्याच चाकावर दिवसभर कोयते आणि विळ्या घासलेल्या असतात. त्यांच्या लोखंडाचे कण तुमच्या पात्यात रुततात आणि पुढच्या डाईव्हनंतर तिथं तांबूस ठिपके उमटतात. घरचा पाण्याचा दगड पुरेसा आहे. करवतीच्या खोबणींना बारीक गोल कानस.

विमानानं अंदमानला वगैरे जाणार असाल तर सुरी आणि लाइन कटर दोन्ही चेक-इनच्या सामानात. आणि परदेशात जाण्याआधी तिथले नियम विचारा. मेक्सिकोतल्या कोझुमेलच्या सागरी उद्यानात हौशी डायव्हरला सुरी न्यायला बंदी आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे, तिथं सुरी जवळ असली तरी ती फक्त सुटकेसाठी. प्रवाळ खरवडून बघण्यासाठी नाही.

शेवटी एक प्रयोग, घरच्या बादलीत करायचा. मासेमारीच्या सामानाच्या दुकानातून थोडा तंगूस, थोडी जाळं विणायची सुतळी आणि जमलं तर वेणीची दोरी आणा. बादली पाण्यानं भरा, त्यात एखादी वीट ठेवा आणि दोऱ्याचं एक टोक विटेला बांधून दुसरं सैल सोडा. मोजा घाला, डावा हात पाठीमागे, डोळे बंद. आता तुमच्या सुरीनं तो सैल दोरा कापा आणि कुणालातरी घड्याळ लावायला सांगा. तीनही दोरे, मग हात बदलून पुन्हा तीनही. सरळ धारेची सुरी वेणीच्या दोरीवर काय करते ते बघण्यासारखं असतं. बादलीजवळ लहान मुलं नकोत, आणि कापलेला तंगूस गोळा करून कचऱ्यात टाकताना त्याचे बारीक तुकडे करा, नाहीतर कावळ्या-कबुतरांच्या पायात जातो.